स्थिर तरंग कसे निर्माण होतात : कागद, दोर आणि हवा यांच्या साहाय्याने स्वतः करून पाहण्याची रीत

एक टोक भिंतीतील खिळ्याला घट्ट बांधलेला लांब दोर दुसऱ्या टोकाशी हातात धरून ठरावीक लयीत वरखाली हलवला, तर काही क्षणांतच त्यावर एक विलक्षण आकृती उभी राहते. दोराचे काही बिंदू जागच्या जागी थिजल्यासारखे दिसतात, त्यांच्यामधले भाग जोरात वरखाली होत राहतात आणि दोरावरून पुढे सरकणारी लाट मात्र कुठेच दिसत नाही. हा स्थिर तरंग होय. न हलणाऱ्या बिंदूंना निस्पंद म्हणतात आणि जेथे हालचाल सर्वांत मोठी असते त्या बिंदूंना प्रस्पंद म्हणतात.

‘स्थिर’ या शब्दामुळे लाट धावायची थांबली असावी, असा समज सहज होतो आणि तो पुढे प्रत्येक पायरीवर अडचण करतो. प्रत्यक्षात त्या क्षणी दोरावर दोन लाटा पूर्ण वेगाने धावत असतात, एक हाताकडून खिळ्याकडे आणि दुसरी खिळ्याकडून हाताकडे. आपल्याला दिसते ती त्या दोघींची बेरीज असते. पुढील सर्व कृती ही बेरीज डोळ्यांनी पाहता यावी आणि तिचे आकडे स्वतः मोजता यावेत अशा क्रमाने मांडल्या आहेत. दोर हातात घेण्याची घाई होणे स्वाभाविक आहे, तरीही पहिली कृती कागदावरच करावी असा माझा आग्रह आहे, कारण दोराची हालचाल इतकी जलद असते की बेरीज कशी घडते हे डोळ्यांना टिपता येत नाही.

कागदावरची बेरीज

एक आलेख कागद आणि ट्रेसिंग पेपरचे दोन तुकडे घ्यावेत. दोन्ही तुकड्यांवर ८ सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत ८ सेंटिमीटर अंतर असलेली, एकसारखी लाट काढावी. प्रत्येक सेंटिमीटरवर लाटेची उंची क्रमाने ०, ०.७१, १, ०.७१, ०, उणे ०.७१, उणे १, उणे ०.७१ आणि पुन्हा ० घ्यावी. उंचीचे एकक कोणतेही चालेल, परंतु दोन्ही लाटांसाठी ते तेच असले पाहिजे. लाट दोन-तीन तरंगलांब्यांइतकी लांब काढावी, म्हणजे कागद सरकवल्यावर कडा आड येत नाहीत.

आता दोन्ही तुकडे आलेख कागदावर असे ठेवावेत की लाटा एकमेकींवर तंतोतंत बसतील. प्रत्येक ठिकाणच्या दोन उंचींची बेरीज केली तर दुप्पट उंचीची लाट मिळते, तिचा माथा २ वर येतो. यानंतर वरचा तुकडा १ सेंटिमीटर उजवीकडे आणि खालचा तुकडा १ सेंटिमीटर डावीकडे सरकवावा. म्हणजेच दोन्ही लाटा विरुद्ध दिशांना तरंगलांबीच्या आठव्या भागाइतक्या चालल्या. पुन्हा बेरीज करावी. ज्या ठिकाणी सुरुवातीला उंची ० होती तेथे आता एका लाटेची उंची उणे ०.७१ आणि दुसरीची अधिक ०.७१ असते, त्यामुळे बेरीज पुन्हा ० येते. जेथे माथा होता तेथे दोन्ही लाटांची उंची ०.७१ असते आणि बेरीज १.४१ येते. माथा खाली उतरला, पण जागेवरून हलला नाही.

आणखी १ सेंटिमीटर सरकवले की एका लाटेचा प्रत्येक उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर येतो आणि बेरीज सर्वत्र शून्य होते, म्हणजे एक सपाट रेषा उरते. आणखी १ सेंटिमीटरनंतर माथ्याच्या जागी उणे १.४१ येते आणि त्यानंतरच्या पायरीला उणे २. या पाचही बेरजा एकाच आलेखावर वेगवेगळ्या रंगांत काढाव्यात. दोन्ही ट्रेसिंग पेपर सतत सरकत होते, तरीही बेरजेची लाट डावीकडे किंवा उजवीकडे तसूभरही गेली नाही, ती फक्त जागच्या जागी उंचावत आणि खचत राहिली, हे या आलेखावर एका दृष्टिक्षेपात दिसते. मला स्वतःला वर्गातल्या सूत्रापेक्षा या पाच रंगीत रेषांनी स्थिर तरंग अधिक समजावला.

ज्यांना सूत्राची सवय आहे त्यांच्यासाठी हीच गोष्ट थोडक्यात सांगता येते. समान आयामाच्या (मधल्या रेषेपासूनच्या सर्वाधिक उंचीच्या) आणि समान वारंवारतेच्या (दर सेकंदाच्या दोलनसंख्येच्या), विरुद्ध दिशांनी धावणाऱ्या दोन साइन लाटा मिळवल्या की बेरजेचे दोन स्वतंत्र गुणक वेगळे होतात. एका गुणकात फक्त स्थान असते आणि दुसऱ्यात फक्त काळ. स्थानाचा गुणक जेथे शून्य असतो तेथे काळ कितीही पुढे गेला तरी गुणाकार शून्यच राहतो, आणि तोच निस्पंद. साइनची किंमत दर अर्ध्या तरंगलांबीला शून्य होते, म्हणून लगतच्या दोन निस्पंदांमधील अंतर नेहमी अर्धी तरंगलांबी असते. हे ‘अर्धी’ विसरू नये. लगतच्या निस्पंदांमधील अंतरालाच तरंगलांबी समजण्याची चूक मी सुरुवातीला केली होती आणि त्यामुळे ध्वनीचा वेग बरोबर निम्मा येत होता. उत्तर निम्मे किंवा दुप्पट आले तर सर्वप्रथम येथेच शोध घ्यावा.

सपाट रेषेच्या त्या क्षणी लाट नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर ऊर्जाही गेली, असे वाटण्याचा संभव असतो. तसे होत नाही. त्या क्षणी दोराला आकार नसतो, पण वेग असतो, आणि प्रस्पंदाजवळचे कण तेव्हाच सर्वाधिक वेगाने मधल्या रेषेतून जात असतात. सगळी ऊर्जा गतीच्या रूपात असते. उलट, दोर पूर्ण फुगलेला असतो तेव्हा तो क्षणभर थांबलेला असतो आणि ऊर्जा ताणाच्या रूपात साठते, तीही मुख्यत्वे निस्पंदांच्या आसपास, कारण तेथेच दोराचा उतार सर्वाधिक असतो. निस्पंद हलत नाही, पण तेथे काहीच घडत नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

दुसरी लाट येते कोठून

कागदावर आपण दोन लाटा स्वतः काढल्या. दोरावर हात एकच लाट पाठवतो आणि दुसरी लाट परावर्तनाने मिळते. म्हणून सलग लाटा पाठवण्याआधी एकच स्पंद पाठवून परावर्तन नीट पाहून घ्यावे.

यासाठी ४ ते ५ मीटर लांबीचा, जाडसर, मऊ आणि बऱ्यापैकी जड दोर घ्यावा. बारीक सुतळी घेऊ नये. ती हलकी असल्यामुळे तिच्यावरचा स्पंद फार वेगाने जातो आणि हवेच्या विरोधाने लवकर विरतोही. लांब स्प्रिंग किंवा रबरी नळीही चालते. दोराचे एक टोक कमरेच्या उंचीवर खिळ्याला असे बांधावे की गाठ अजिबात हलणार नाही, दोर माफक ताणून धरावा आणि मनगटाला एकच झटका देऊन वरच्या बाजूने एक उंचवटा पाठवावा. उंचवटा खिळ्यापर्यंत जातो आणि खालच्या बाजूने परत येतो. तो उलटा का होतो याचे कारण सरळ आहे. खिळ्याजवळचा बिंदू हलू शकत नाही, म्हणजे तेथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाटेची बेरीज सदैव शून्य असली पाहिजे, आणि ती शून्य होण्यासाठी परतणारी लाट उलटीच असावी लागते. उंचवटा दोराला वर खेचत असताना दोर खिळ्याला वर ओढतो, खिळा दोराला तितक्याच जोराने खाली ओढतो, आणि ही खालची ओढच उलटा स्पंद बनून परत निघते.

आता दोराचे तेच टोक एका हलक्या कडीला बांधून कडी गुळगुळीत उभ्या दांडीवर मोकळी सरकू द्यावी. या वेळी स्पंद उलटा न होता वरच्याच बाजूने परत येतो आणि तो टोकाशी पोहोचतो त्या क्षणी कडी स्पंदाच्या जवळजवळ दुप्पट उंचीपर्यंत उसळते. बांधलेल्या टोकाशी निस्पंद आणि मोकळ्या टोकाशी प्रस्पंद, हा नियम येथूनच निघतो.

याच वेळी स्पंदाचा वेगही मोजून ठेवावा. दोराची लांबी ४ मीटर असेल तर एका जाण्यायेण्यात स्पंद ८ मीटर अंतर कापतो. तीन फेऱ्यांना २.४ सेकंद लागले, तर २४ मीटर भागिले २.४ सेकंद म्हणजे वेग सेकंदाला १० मीटर झाला. हा वेग दोनच गोष्टींवर अवलंबून असतो, दोरातील ताण आणि दोराच्या दर मीटरचे वस्तुमान. ताण न्यूटनमध्ये घेऊन त्याला दर मीटरच्या किलोग्रॅमने भागावे आणि वर्गमूळ काढावे. ४ मीटर दोराचे वस्तुमान ४०० ग्रॅम असेल, तर दर मीटरला ०.१ किलोग्रॅम होते, आणि १० न्यूटन ताणाला, म्हणजे साधारण १ किलोग्रॅम वजन टांगल्यावर येईल तितक्या ताणाला, वेग बरोबर १० मीटर प्रतिसेकंद येतो. हात किती जोरात हलवला यावर तो अवलंबून नसतो, हे पडताळून पाहण्यासाठी लहान आणि मोठे असे दोन्ही स्पंद पाठवून पाहावेत.

लय सापडेपर्यंत

आता सलग लाटा पाठवायच्या. हाताची हालचाल मुद्दाम लहान ठेवावी, दोन-तीन सेंटिमीटर पुरेशी होते. अगदी संथ लयीने सुरुवात करून लय हळूहळू वाढवत न्यावी. सुरुवातीला दोर अस्ताव्यस्त हलतो. परतणारी लाट आणि नवी लाट यांचा मेळ बसत नाही आणि हाताला कधी ओढ, कधी ढिलाई असे अनियमित धक्के जाणवतात. मग एका ठरावीक लयीला हे धक्के अचानक नाहीसे होतात, दोर हाताला साथ देऊ लागतो आणि सबंध दोराचा एकच मोठा लूप फुगतो. डोळ्यांच्या आधी ही लय हाताला कळते, म्हणून एकदा ती सापडली की डोळे मिटूनही तिच्यावर राहून पाहावे.

वरील दोरासाठी ही लय सेकंदाला १.२५ दोलने इतकी असली पाहिजे. २० दोलनांना लागणारा वेळ मोजावा, तो १६ सेकंदांच्या आसपास येईल. लय वाढवत नेली की आकृती मोडते, पुन्हा गोंधळ होतो आणि सेकंदाला २.५ दोलने झाली की दोन लूप दिसतात, मधोमध एक निस्पंद. २० दोलनांचा वेळ आता ८ सेकंद होतो. तीन लूप ३.७५ दोलनांना येतात. हाताने साधारण येथपर्यंत जाता येते. चौथा लूप काढायचा असल्यास लय आणखी वाढवण्यापेक्षा दोर थोडा ढिला धरणे सोपे जाते.

दोन लूप असताना मधला निस्पंद खरोखर स्थिर आहे का, हे तपासण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने तो बिंदू दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरावा. आकृतीवर फारसा परिणाम होत नाही. तीच चिमूट प्रस्पंदावर धरली तर आकृती ताबडतोब कोसळते.

हाताच्या टोकाविषयी एक शंका बहुतेकांना येते. हात तर हलत असतो, मग तेथे निस्पंद कसा? काटेकोर बोलायचे तर तेथे निस्पंद नसतोच, खरा निस्पंद हातापासून किंचित अंतरावर असतो. परंतु लूपची उंची हाताच्या हालचालीच्या कितीतरी पट असल्यामुळे ते अंतर अगदी लहान असते आणि हिशेबासाठी हातालाच निस्पंद मानणे चालते. हाताची हालचाल लहान ठेवण्याचा आग्रह यासाठीच आहे.

ठरावीकच लयी का

हात आपली लय कोणतीही ठेवू शकतो आणि खिळा प्रत्येक लाट परत पाठवतोच, मग मोठी आकृती काही निवडक लयींनाच का येते, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका उंचवट्याच्या मागोमाग जाऊन मिळते. उंचवटा हातापासून निघतो, खिळ्याशी उलटा होतो, परत येऊन हाताशी पुन्हा उलटा होतो, म्हणजे मूळच्या रूपात नव्याने निघतो. या फेरीला जितका वेळ लागला तितक्याच वेळात हाताची बरोबर एक, दोन किंवा तीन अशी पूर्ण दोलने झाली असतील, तर जुना उंचवटा नेमका नव्या उंचवट्यावर बसतो आणि लाट मोठी होते. वेळ चुकला तर जुना उंचवटा कधी नव्या उंचवट्यावर, कधी खोलगट भागावर पडतो आणि फेऱ्यांची बेरीज एकमेकींना खोडत राहते. आपल्या दोरात फेरीचा वेळ ०.८ सेकंद आहे. ०.८ सेकंदात एक दोलन म्हणजे सेकंदाला १.२५, दोन दोलने म्हणजे २.५ आणि तीन म्हणजे ३.७५. वर प्रयोगाने मिळालेले तीनही आकडे येथे आपोआप येतात. सूत्रात सांगायचे तर वारंवारता म्हणजे लूपची संख्या गुणिले वेग भागिले दोराच्या लांबीची दुप्पट.

आकृती किती मोठी होईल हे एका फेरीत किती गळती होते यावर ठरते. समजा प्रत्येक फेरीनंतर लाटेची ९० टक्के उंची शिल्लक राहते. मग हाताकडून निघणाऱ्या लाटेची एकूण उंची १ अधिक ०.९ अधिक ०.८१ अशी वाढत जाऊन हाताच्या हालचालीच्या १० पटींवर स्थिरावते, आणि परतणारी लाटही जवळजवळ तितकीच असल्यामुळे प्रस्पंदाची हालचाल १९-२० पट होते. १ सेंटिमीटर हलणारा हात २० सेंटिमीटरचा लूप कसा उभा करतो याचे हेच स्पष्टीकरण आहे. यालाच अनुस्पंदन म्हणतात. एकदम मोठा जोर कोठेच लागत नाही, योग्य वेळी दिलेले लहान धक्के साठत जातात. ही साठवण व्हायला काही फेऱ्या लागतात, म्हणून लय बदलल्यावर आकृती स्थिरावण्यासाठी पाच-सात सेकंद थांबावे. घाईने लय बदलत राहिल्यास योग्य लय येऊनही हातून निसटते.

वजन आणि दोरा

हाताच्या लयीत चढउतार होतोच. अचूक मोजणीसाठी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्ट्स मेल्डे यांनी १९व्या शतकात वापरलेली मांडणी घ्यावी. विजेवर चालणाऱ्या नादकाट्याच्या किंवा कंपनयंत्राच्या टोकाला बारीक दोरा बांधतात, दोरा कप्पीवरून नेतात आणि टोकाला पारडे टांगतात. येथे वारंवारता कायम असते आणि ताण बदलून लूप मिळवायचे असतात.

समजा वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० दोलने, आहे, कंपनयंत्रापासून कप्पीपर्यंत दोऱ्याची लांबी १ मीटर आहे आणि दर मीटरचे वस्तुमान अर्धा ग्रॅम आहे. एका लूपसाठी तरंगलांबी २ मीटर, म्हणून वेग सेकंदाला १०० मीटर आणि ताण ५ न्यूटन लागतो, म्हणजे साधारण ५१० ग्रॅम वजन. दोन लूपना सुमारे १२७ ग्रॅम, तीनना ५७ ग्रॅम, चारना ३२ ग्रॅम आणि पाचना २० ग्रॅम. वजन आणि लूपच्या संख्येचा वर्ग यांचा गुणाकार दर वेळी तोच येतो, आणि तो तसा येतो की नाही हीच या प्रयोगाची कसोटी. वजन कमी केले की लूप वाढतात, ही बाब पहिल्यांदा करणाऱ्याला उलटी वाटते. ताण कमी झाल्याने वेग घटतो, वारंवारता तीच असल्यामुळे तरंगलांबी आखूड होते आणि तेवढ्याच लांबीत अधिक लूप मावतात, हे एकदा ध्यानात आले की शंका राहत नाही. पारड्याचे स्वतःचे वजन मिळवायला विसरू नये, कारण पाच लूपच्या वेळी एकूण वजनच २० ग्रॅम असते आणि तेथे पारड्याचे काही ग्रॅमही सगळा हिशेब बिघडवतात. कंपनयंत्राचे टोक दोऱ्याला काटकोनात हलत असेल तरच हा हिशेब लागू होतो. ते दोऱ्याच्या दिशेनेच मागेपुढे हलत असेल, तर दोरा निम्म्या वारंवारतेने कंप पावतो.

तारेच्या वाद्यावर हेच लूप ऐकता येतात. गिटारची तार छेडली की तिच्यावर एक लूप, दोन लूप, तीन लूप असे अनेक स्थिर तरंग एकाच वेळी उभे राहतात. तार छेडून लगेच तिच्या मधोमध, म्हणजे बाराव्या पडद्याच्या बरोबर वर, बोट अलगद टेकवून काढून घ्यावे. एका लूपचा प्रस्पंद तेथे असल्यामुळे तो स्वर विझतो. दोन लूपचा निस्पंद तेथेच असल्यामुळे तो टिकतो आणि दुप्पट वारंवारतेचा, एक सप्तक वरचा स्वर स्वच्छ ऐकू येतो. बोट दाबायचे नाही, केवळ स्पर्श करायचा.

हवेतला स्थिर तरंग

हवेत लूप दिसत नाहीत, ते कानाने किंवा मायक्रोफोनने शोधावे लागतात. सर्वांत सोपी मांडणी अशी. मोकळ्या, टणक भिंतीसमोर दोन-तीन मीटरवर स्पीकर ठेवून त्यातून १००० हर्ट्झचा अखंड सूर वाजवावा. २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणून तरंगलांबी ३४.३ सेंटिमीटर होते. एक कान बंद करून दुसरा कान भिंतीच्या दिशेने हळूहळू न्यावा किंवा फोनवरील ध्वनिमापक भिंतीजवळून काटकोनात मागे सरकवावा. आवाज दर १७ सेंटिमीटरला मंद होतो आणि मध्ये पुन्हा वाढतो. भिंतीला अगदी लागून आवाज मोठा असतो आणि पहिली मंद जागा भिंतीपासून साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास सापडते.

भिंतीजवळची हवा तर हलू शकत नाही, मग तेथे आवाज मोठा का? कारण कान आणि मायक्रोफोन हवेच्या हालचालीला नव्हे, तर दाबातील बदलाला प्रतिसाद देतात. भिंतीशी हवेच्या कणांचा निस्पंद असतो, पण कण दोन्ही बाजूंना हलू शकत नसल्यामुळे तेथेच संपीडन आणि विरलन सर्वाधिक होते. कणांच्या हालचालीचा निस्पंद म्हणजे दाबाचा प्रस्पंद. कोणत्याही हवेच्या स्तंभाविषयी वाचताना लेखक हालचालीविषयी बोलतो आहे की दाबाविषयी, हे आधी पाहून घ्यावे.

ध्वनीचा वेग मोजायचा असल्यास पाण्याने भरलेली उभी नळी आणि ५१२ हर्ट्झचा नादकाटा घ्यावा. कंप पावणारा नादकाटा नळीच्या तोंडावर धरून पाण्याची पातळी हळूहळू खाली न्यावी. नळीची त्रिज्या दीड सेंटिमीटर असेल तर हवेच्या स्तंभाची लांबी १५.८ सेंटिमीटर झाल्यावर आवाज एकदम घुमतो आणि पुढे ४९.३ सेंटिमीटरला पुन्हा. पाण्याशी निस्पंद आणि तोंडाशी प्रस्पंद असल्यामुळे पहिली लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे १६.७ सेंटिमीटर यायला हवी होती. ती कमी येते, कारण प्रस्पंद नळीच्या तोंडावर नसून त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट अंतर बाहेर असतो. दोन लांब्यांच्या वजाबाकीत ही तूट आपोआप निघून जाते. ३३.५ सेंटिमीटरची दुप्पट गुणिले ५१२ केल्यास सेकंदाला ३४३ मीटर मिळतात. एकाच लांबीवरून वेग काढण्याचा मोह टाळावा. खोलीचे तापमानही नोंदवावे, कारण दर अंशाला वेग सुमारे ०.६ मीटरने बदलतो.

परावर्तन अपुरे असेल तेव्हा

भिंतीच्या प्रयोगात मंद जागी आवाज पूर्ण थांबत नाही. स्पीकरची लाट पसरत जाताना क्षीण होते, भिंत थोडी ऊर्जा शोषते आणि खोलीच्या इतर भिंतींवरूनही लाटा येतात, त्यामुळे परतणारी लाट जाणाऱ्या लाटेला पुरती खोडू शकत नाही. परतणाऱ्या लाटेचा आयाम जाणारीच्या निम्मा असेल, तर प्रस्पंदाशी १.५ आणि निस्पंदाशी ०.५ उरते, म्हणजे गुणोत्तर ३. हे गुणोत्तर मोजले तर परावर्तक किती परतवतो हे उलट काढता येते. भिंतीवर जाड पडदा टाकून प्रयोग पुन्हा केल्यास मोठ्या आणि मंद जागांमधला फरक स्पष्टपणे घटलेला आढळतो.

याच रीतीने हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये विद्युतचुंबकीय तरंगांची तरंगलांबी मोजली. त्यांनी भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला आणि ठिणगी दाखवणारे कडे पुढेमागे नेत ठिणगी कोठे जोरदार आणि कोठे नाहीशी होते ते टिपले. प्रकाशाच्या बाबतीत मात्र निस्पंद इतके जवळ येतात की त्यांच्यामधून काहीच सरकवता येत नाही. हिरव्या प्रकाशात दोन निस्पंदांमधील अंतर मिलिमीटरच्या चार-हजाराव्या भागाहूनही थोडेसेच जास्त असते. ओटो वीनर यांनी १८९० मध्ये त्यावर उपाय काढला. त्यांनी अतिशय पातळ, प्रकाशसंवेदी थर आरशासमोर अगदी सूक्ष्म कोनात तिरपा ठेवला, त्यामुळे थर एकामागून एक निस्पंद आणि प्रस्पंद इतक्या हळूहळू ओलांडत गेला की प्रस्पंदांच्या जागी उमटलेले काळे पट्टे उघड्या डोळ्यांना दिसण्याइतके रुंद झाले. आरशाला लागून असलेल्या रेषेवर मात्र थर काळा पडला नाही. प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राचा निस्पंद तेथे होता, जसा आपल्या दोराचा खिळ्याशी असतो.